नाक्सोसला कसं जायचं?

अथेन्सहून नाक्सोस बेटावर जायचे दोन रस्ते आहेत. एक विमानाचा: पंख्यांचं छोटं विमान, चाळीसेक मिनिटं. दुसरा पिरेअस बंदरातून सुटणाऱ्या बोटीचा: साधारण साडेपाच तास. दोन्हीची तिकिटं मोबाईलवर दोन मिनिटांत निघतात. मला ठरवायला तीन आठवडे लागले.

पैशांचा प्रश्न नव्हता, म्हणजे होता, पण तो सुटण्यासारखा होता. मला छळत होता तो दुसराच प्रश्न: यातलं एक निवडणं चूक आहे का? चूक म्हणजे महाग किंवा गैरसोयीचं नव्हे. खोटं बोलणं चूक असतं, त्या अर्थाने चूक. आणि असेल, तर त्या चुकीपासून लांब राहण्याची किंमत कोणी मोजायची? कारण मी एकटी जात नव्हते. बरोबर आई होती. वय बासष्ट, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, आणि तिला बोट लागते.

आधी हिशोब मांडून पाहिला. आपल्या पिढीला नैतिक प्रश्न पडला की आपण पहिल्यांदा कॅल्क्युलेटर उघडतो. ब्रिटन सरकार दरवर्षी प्रवासाच्या उत्सर्जनाचे तक्ते काढतं. आकडे ग्रीक बोटींचे नाहीत, पण अंदाजाला पुरतात. देशांतर्गत विमानात एका माणसाच्या वाट्याला दर किलोमीटरला अडीचशे ग्रॅमच्या आसपास कार्बन येतो. फेरीबोटीत पायी चढणाऱ्या माणसाच्या वाट्याला १९ ग्रॅम. म्हणजे नाक्सोसपर्यंत विमानाने चाळीस किलो, बोटीने चार किलोपेक्षाही कमी. निकाल लागला असं वाटलं.

मग त्याच तक्त्यातली खालची ओळ वाचली. गाडी घेऊन चढणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला १९ नव्हे, १३० ग्रॅम. बोट तीच, समुद्र तोच, डिझेल तेच. फरक वाटणीचा. बोटीचा भार वजनाप्रमाणे वाटला आहे. गाड्या जड, माणसं हलकी, म्हणून पायी जाणाऱ्याच्या वाट्याला चिमूटभर. डोक्यांप्रमाणे वाटणी केली, तर माझे १९ ग्रॅम भराभर वाढतील. माझी हवेत सोडलेली घाण किती, हे बऱ्याच अंशी कोणीतरी ऑफिसात बसून ठरवलेल्या भागाकारावर अवलंबून आहे. आकडा खोटा नाही. पण त्याच्या पोटात आधीच एक निवाडा बसलेला आहे: बोट मुळात कोणासाठी चालते, ट्रकसाठी की माणसांसाठी?

त्यात बोटींच्याही दोन जाती. एक जुन्या धाटणीची मोठी, संथ बोट. दुसरी वेगवान कॅटमरान, जी बराच वेळ वाचवते आणि तेल पिते. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते, असा जहाजबांधणीतला ढोबळ नियम आहे. त्यामुळे ‘बोट म्हणजे हिरवी, विमान म्हणजे काळं’ एवढं सोपं गणित उरत नाही.

हे सगळं मैत्रिणीला सांगितलं तर ती हसत सुटली. ‘मुंबईहून पाच हजार किलोमीटर उडून जाणार, आणि शेवटच्या दीडशे किलोमीटरला तुला पृथ्वी आठवली?’

टोला वर्मी होता. मुंबई-अथेन्स जाऊन-येऊन माणशी दीड टनाच्या घरात जातं. त्यातून छत्तीस किलो वाचवणं म्हणजे बादली सांडल्यावर चमच्याने पाणी परत भरणं. आणि अशा चमच्यात एक ढोंगही असतं. ग्रीकच्या निळ्या पाण्यावर बोटीच्या कठड्याला टेकून फोटो काढायचा आणि खाली ‘स्लो ट्रॅव्हल’ लिहायचं. गंगेत बुडी मारून आल्यासारखं. ग्रेटा थुनबर्ग २०१९च्या ऑगस्टमध्ये प्लिमथहून न्यूयॉर्कला शिडाच्या बोटीने गेली, तेव्हा टीकाकारांनी लगेच बोट दाखवलं होतं, की ती बोट परत आणायला खलाशी विमानाने जाणार. टीकेत तथ्य होतं. पण पंधरा दिवस समुद्रात काढणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलीचं म्हणणं त्याने खोटं ठरलं का? मला तसं वाटत नाही.

मैत्रिणीच्या युक्तिवादात एक आळस आहे. मोठी गोष्ट केलीच आहे, तर छोटीची काय मातबरी, हा तो आळस. उपासाला साबुदाणा वडे हादडले, मग संध्याकाळी मटणाला काय हरकत, असं आपण गमतीने म्हणतो. आयुष्य चालवायला तो नियम वापरला तर कोणतीच छोटी गोष्ट कधी करायची नाही, कारण मागे काहीतरी मोठं नेहमीच झालेलं असतं.

याहून अवघड युक्तिवाद दुसरा आहे: विमान तर जाणारच होतं. मी बसले नाही तर माझी खुर्ची रिकामी जाईल. अमेरिकन तत्त्वज्ञ वॉल्टर सिनट-आर्मस्ट्राँग यांनी २००५मध्ये एका निबंधात याच धर्तीवर विचारलं होतं: रविवारी निव्वळ मजा म्हणून पेट्रोल पिणारी गाडी फिरवली, तर त्या एका फेरीने हवामान बदलतं का? त्यांचं उत्तर होतं की नाही. सरकारने धोरण बदलावं म्हणून आग्रह धरणं हे माझं कर्तव्य असेल, पण त्या रविवारच्या फेरीत काय चूक आहे हे सिद्ध करणं फार कठीण आहे.

याच्यासमोर मला डेरेक पारफिट ठेवावासा वाटतो. १९८४च्या त्याच्या पुस्तकात एक भयंकर कल्पना आहे. हजार छळ करणारे, हजार कैदी. प्रत्येक जण एक बटण दाबतो, आणि त्या बटणाने प्रत्येक कैद्याची वेदना इतकी थोडी वाढते की त्याला जाणवतही नाही. हजारांनी दाबलं की कैदी तळमळत असतात. यातला प्रत्येक छळकर्ता म्हणू शकतो, मी तर कोणालाच जाणवेल असं काही केलं नाही.

आपल्याकडे हे समजायला पारफिटची गरज नाही, शेअर रिक्षा पुरते. चौथा माणूस आला की रिक्षा सुटते. पहिला म्हणेल माझ्यामुळे सुटली नाही, दुसराही तेच म्हणेल, पण रिक्षा तर सुटली. विमानाचं तसंच, फक्त ते उद्याच्या ऐवजी पुढच्या वेळापत्रकात सुटतं. पुरेसे लोक बसले की पुढच्या वर्षी आणखी एक फेरी लागते. माझं तिकीट म्हणजे त्या फेरीला दिलेलं एक मत.

‘मत’ हा शब्द डोक्यात आला आणि प्रश्नच उलटा झाला. तोवर मी विचारत होते, विमानात बसून मी काय बिघडवते? आता विचारायला लागले, बोटीत बसून मी काय चालू ठेवते?

ग्रीक भाषेत एक शब्दजोडी आहे: आगोनी ग्रामी. शब्दशः नापीक मार्ग. ज्या बेटांवर वस्ती इतकी कमी की बोट नेऊन कोणालाच नफा होणार नाही, अशा मार्गांना हे नाव. सरकार पैसे देऊन तिथे बोटी चालवून घेतं. नाक्सोसच्या धक्क्यावरूनच ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ नावाची एक छोटी बोट सुटते आणि इराक्लिया, स्खिनुसा, कुफोनिसी, दोनुसा अशी बेटं जोडत अमोर्गोसला जाते. यातल्या काही बेटांची कायमची वस्ती दोन-तीनशेच्या आतबाहेर. त्या चारही बेटांवर विमानतळ नाही. पीठ, औषधं, सिमेंट, शिक्षक, मतपेट्या, सगळं बोटीतून. वारा फार वाढला की बंदर खातं बोटी सोडायला मनाई करतं. त्या मनाईलाही एकच शब्द आहे, ‘आपागोरेफ्तिको’, आणि तो बेटावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतो. मनाई लागली की भाजीची टोपली रिकामी.

मे महिन्यात त्या बेटांची नावं वाचताना मला ग्रीस आठवत नव्हतं, एसटी आठवत होती. आमच्या गावाला सकाळी एक, दुपारी एक आणि मुक्कामी एक गाडी यायची. मग गावात मोटरसायकली आल्या, वडापच्या जीपा आल्या. ज्यांच्याकडे पैसे होते ते एसटीतून उतरले. कोणी काही वाईट केलं नाही. मोटरसायकल घेणं गुन्हा नाही. पण दुपारची फेरी गेली, मग मुक्कामाची गेली, आणि शेवटी उरल्या त्या म्हाताऱ्या बायका, कॉलेजच्या मुली, आणि हातात बाळ असलेली माणसं. ज्यांना पर्याय असतो ते निघून गेले, की ज्यांना पर्याय नसतो त्यांची गाडी बंद होते.

बोटीच्या बाबतीत हे कोकणाला वेगळं सांगायला नको. आई देवगडच्या बाजूची. तिच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोट यायची, खोल पाण्यात उभी राहायची, आणि माणसं पडावात उतरून किनाऱ्याला लागायची. पावसाळ्यात बोट बंद, तेव्हा गावच बंद. पुढे रस्ते झाले, बोटी थांबल्या. रस्ते हवेच होते. पण बोटीवर जगणारी बंदरं हळूहळू निजली, ती निजलीच.

बोट कोणाची, हा प्रश्न ग्रीकांनी एकदा फार कडवटपणे विचारला होता. ८ डिसेंबर १९६६ला क्रीटहून पिरेअसला निघालेली ‘इराक्लिओन’ ही बोट वादळात बुडाली. नीट न बांधलेला एक मालट्रक आत हेलकावे खात राहिला आणि त्याने बाजूचं दार फोडलं. दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतरच्या संतापातून, एका बिशपच्या पुढाकाराने, १९६७मध्ये क्रीटच्या लोकांनी आपली स्वतःची जहाज कंपनी काढली, ‘आनेक’. शेतकऱ्यांनी, दुकानदारांनी, मास्तरांनी थोडे थोडे शेअर घेतले. आमची बोट आम्हीच चालवू.

हे वाचताना मी थबकले, कारण आपल्याकडे हेच साठेक वर्षं आधी झालं होतं. स्वदेशीच्या काळात कोकणच्या प्रवाशांसाठी निघालेल्या सहकारी कंपनीला लोक ‘माझी आगबोट’ म्हणत. नाव ऐकूनच छाती भरून येते. पण इतिहास आपल्याला छाती फार वेळ भरू देत नाही. १७ जुलै १९४७ला रेवसला जाताना मुंबईजवळ सहाशेहून अधिक माणसांना घेऊन बुडालेली ‘रामदास’ याच कंपनीची. बोट ‘माझी’ असली म्हणून समुद्राला त्याचं काही नसतं. लोकांची मालकी म्हणजे सुरक्षितता, असं समीकरण मला मांडता येत नाही. एवढंच म्हणता येतं की आपली वाटणाऱ्या गोष्टीबद्दल माणसं जाब विचारतात.

पर्याय असलेल्यांनी सामायिक गोष्ट सोडू नये, म्हणून मी बोटीने जावं. इथवर आले आणि वाटलं, झालं, ठरलं. पण हा युक्तिवादही जसाच्या तसा उचलता येत नाही.

एक तर ऑगस्ट. १५ ऑगस्टला ग्रीसमध्ये मरियमचा मोठा सण असतो, सगळा देश गावी निघतो, आपल्या गणपतीसारखा. त्या आठवड्यात बोटीत जागा नसते. तेव्हा मी बोटीत चढले तर कोणाची बोट ‘चालू ठेवत’ नाही, कोणाची तरी खुर्ची अडवते. कणकवलीला जाणाऱ्या चाकरमान्याच्या गाडीत गणपतीच्या आदल्या दिवशी गोव्याला पार्टीला निघालेल्या माणसाने बसण्यासारखं ते होईल. म्हणजे तीच कृती मे महिन्यात बरी आणि ऑगस्टमध्ये उद्धट. नीतीच्या पुस्तकांत महिन्यांची नावं फारशी नसतात. असायला हवीत.

दुसरं, वेगवान बोट. ती बहुतेक उन्हाळी पाहुणी. पर्यटक आले की येते, गेले की जाते. नोव्हेंबरच्या गारठ्यात पीठ आणि औषधं आणते ती संथ, मोठी बोट. त्यामुळे खरी निवड विमान की बोट अशी नव्हतीच. ती होती हिवाळ्यातही राहणाऱ्या बोटीची आणि बाकी सगळ्याची. गंमत म्हणजे कायद्यालाही ही वजनं कळतात. फ्रान्सने २०२३पासून जिथे अडीच तासांच्या आत रेल्वेने पोचता येतं तिथली काही छोटी विमानं बंद केली, पण बेटांना असा नियम कोण लावणार? युरोपियन युनियनने २०२४पासून जहाजांना कार्बनचे पैसे भरायला लावले, तरी दोन लाखांहून कमी वस्तीच्या बेटांच्या फेऱ्यांना २०३०पर्यंत सूट देण्याची सोय ठेवली. तिथल्या माणसासाठी तो प्रवास हौसेचा नाही.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली. मी विमानाला खलनायक करत होते, आणि बेटावरच्या माणसाला ते तसं वाटत नाही. कासोस आणि कार्पाथोस या दोन बेटांमध्ये जेमतेम पाच मिनिटांची विमानफेरी आहे. मला ते ऐकून हसू आलं होतं. पण छातीत दुखणाऱ्या माणसाला पाच मिनिटं आणि खवळलेल्या समुद्रातला दीड तास यांत फरक असतो. २०२५च्या फेब्रुवारीत सांतोरिनीला भूकंपाचे धक्के थांबेनात, तेव्हा काही दिवसांत दहा हजारांहून जास्त माणसांनी बेट सोडलं. जादा बोटी लावल्या, जादा विमानंही. तेव्हा कोणी ग्रॅम मोजले नसणार, आणि मोजूही नयेत. तीच खुर्ची एकाची गरज असते आणि दुसऱ्याची लहर. फरक यंत्रात नाही.

मग माझी काय? लहर, उघडच. लहरीला लाज वाटली पाहिजे असं माझं मत नाही. आईने आयुष्यभर शाळेत मुलांना भूगोल शिकवला आणि भूमध्य समुद्र फक्त नकाशात पाहिला. तो तिला दाखवण्याची माझी लहर मला प्रिय आहे. पण लहरीने गरजेला वाट द्यावी, आणि जमलं तर थोडा हातभार लावावा, एवढं तिच्याकडून मागता येतं.

हे सगळं मी आईसमोर मांडलं. पारफिट वगळून. ती भाजी निवडत होती.

‘म्हणजे मला ओकाऱ्या होणार, आणि बेटावरच्या लोकांचं भलं होणार,’ ती म्हणाली.

‘तसं नाही गं.’

‘तसंच आहे. हरकत नाही. पण तुझ्या तत्त्वाला माझं पोट का, तेवढं सांग.’

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि मला वाटतं या प्रकारच्या बहुतेक नैतिक आग्रहांची गाडी इथेच अडते. आपण घरात एसी बंद करायला लावतो तेव्हा घाम आजोबांना येतो. आपण प्लॅस्टिक सोडतो तेव्हा डबे आई घासते. स्वतःच्या खिशातून दिलेल्या त्यागाला वजन असतं. दुसऱ्याच्या गुडघ्यांवर उभारलेला त्याग म्हणजे नुसती हुकूमत. म्हणून मी तिला म्हटलं, तू ठरव. विमान म्हणालीस तर विमान, मी तोंड वाकडं करणार नाही.

तिने दोन दिवस घेतले. मग विचारलं, ‘विमानात सामान किती नेऊ देतात?’ छोट्या विमानात मोजूनमापून. ‘आणि बोटीत?’ बोटीत कोणी तोलत नाही. ‘मग बोट. उलटीची गोळी घेऊन ठेव.’

बस, एवढंच. माझा तीन आठवड्यांचा ऊहापोह एका बॅगेच्या वजनाने निकालात निघाला.

आम्ही संथ बोट घेतली. पिरेअसला ट्रकच्या बरोबरीने, खलाशांच्या ओरडण्यातून, बोटीच्या पोटात चालत शिरायचं असतं. तिथून वर जायला सरकता जिना निघाला म्हणून आईच्या गुडघ्यांचं निभावलं. माझ्या शेजारी एक आजी होत्या, पायाशी पुठ्ठ्याचा खोका, त्यावर दोरी. हातवाऱ्यांवरून कळलं की अथेन्सला डोळे दाखवायला गेल्या होत्या. डोळ्यावरची पट्टी दाखवून त्यांनी आईला काहीतरी लांबलचक सांगितलं, आईने मराठीत उत्तर दिलं, दोघींचं छान जमलं. पारोस बंदरात शिरायच्या आधी पाण्यातून डोकं काढलेले खडक दिसतात. २६ सप्टेंबर २०००च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ त्यांच्यावरच आदळली. ऐंशीहून अधिक माणसं बुडाली, आणि कितीतरी पारोसच्या कोळ्यांनी होड्या घालून वाचवली. आजींनी त्या दिशेला बघून छातीवर क्रूस काढला. आईने नुसते हात जोडले. तिला मी काही सांगितलं नव्हतं.

वेळ वाया गेला का? या भागात तो प्रश्न विचारायला थोडा संकोच वाटतो. पारोसच्या उत्तरेला डेलोस आहे. अथेन्सचं पवित्र जहाज तिथे जाऊन परत येईपर्यंत शहरात कोणाला मृत्युदंड द्यायचा नाही, असा जुना नियम होता. त्या जहाजापायी सॉक्रेटिसला विषाचा प्याला महिनाभर उशिरा मिळाला, आणि तो महिना त्याने मित्रांशी बोलण्यात घालवला. आमच्या साडेपाच तासांत आईने देवगडच्या बोटीबद्दल जेवढं सांगितलं, तेवढं तीस वर्षांत सांगितलं नव्हतं. विमानातही तिने सांगितलं असतं, कोण जाणे. चाळीस मिनिटांत पडावापर्यंतच आलो असतो.

जाताना तिला काही झालं नाही. परतीच्या बोटीत वारा होता. नाक्सोसचे प्रसिद्ध बटाटे दोन किलो आणि ग्राव्हिएरा चीजचा एक मोठा तुकडा पिशवीत घेऊन ती मोठ्या ऐटीत चढली, आणि पारोस सुटल्यावर तिला लागली ती पिरेअस येईपर्यंत. मी पाठीवरून हात फिरवत बसले. अथेन्सच्या खोलीवर पोचल्यावर तासभर आडवी झाली, मग उठून तिने त्या बटाट्यांची भाजी केली, हिंग नव्हता तरी. पुढच्या वेळी विमान घेऊ या का, असं मी विचारलं नाही, आणि तिनेही तो विषय काढला नाही. बटाटे मात्र आपल्यापेक्षा लवकर शिजतात, म्हणाली.